'तीन. दोन हिशेबात हायती.'

वसनाकाठ (धागालेखक)

हा धागा काढावा की नाही यात दीड महिना गेला. शेवटी काढतोय. घरात बोलायला कुणी नाही आणि ऑफिसात हा विषय निघत नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, जिल्हा सातारा. दर आळीला एखादा तरी फौजी निघतोच. माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, १९८५ ला एकोणिसाव्या वर्षी भरती झाले आणि १७ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता थोडा ऊस, दोन म्हशी आणि संध्याकाळी पार. झेंडावंदनाला गावच्या शाळेत माजी सैनिकांना बोलावतात. नाना दरवर्षी काहीतरी कारण काढतात. कधी म्हैस अडलीय, कधी पाण्याची पाळी आहे. यंदा मुख्याध्यापक स्वतः घरी आले, मीही सुट्टीवर होतो, आणि मीच नानांच्या मागे लागलो. ती चूक माझी.

झेंडा झाला, कवायत झाली, सरपंचांचं भाषण झालं. मग गुरुजी म्हणाले, मुलांनो, आजोबांना प्रश्न विचारा. पहिला प्रश्न पाठ करून आणलेला होता, सैन्यात जायला काय करावं लागतं वगैरे. दुसरा मात्र पाचवीतल्या एका पोराने आपणहून विचारला, "तुम्ही किती माणसं मारली?"

सगळं मैदान हसलं. नाना हसले नाहीत. शाळेत पुन्हा नाव पुकारल्यासारखे सरळ उभे राहिले आणि माइकमध्ये म्हणाले, "तीन." टाळ्या पडल्या. टाळ्या विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "दोन हिशेबात हायती."

गुरुजींनी माइक काढून घेतला आणि 'भारत माता की जय' सुरू केलं. मग जिलेबी वाटली. नानांनी आपली जिलेबी कागदासकट मुठीत धरून घरापर्यंत आणली आणि म्हशीपुढे टाकली.

नाना १९८७ ते ८९ श्रीलंकेत होते, शांतिसेनेत. घरात या गोष्टीची खूण म्हणजे फळीवरचा जपानी टू-इन-वन आणि डाव्या कानाला कमी ऐकू येणं. बाकी कधी काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. कारगिलच्या वेळी ते नोकरीत होते, त्याबद्दल मात्र गावात सगळे विचारायचे, आणि ते तर तेव्हा भलत्याच ठिकाणी पोस्टिंगला होते.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, त्यांचा स्तंभ आहे. लहानपणी सहलीला गेलो होतो. परवा रात्री डोक्यात आलं की स्तंभावर मेलेल्यांचा हिशेब असतो. जे परत आले आणि ज्यांच्या हातून काहीतरी होऊन बसलं होतं, त्यांनी काय केलं असेल? बायकोला सांगितलं असेल? पांडुरंगाला?

कुणाच्या घरात असं आहे का? विचारावं का? नाना झोपत नाहीत आता. रात्री दोनला गोठ्यात बल्ब लागतो.

---

आळशी_मांजर

वाचतेय. सल्ला द्यायची लायकी नाही, पण ते पोर आणि जिलेबी डोळ्यांसमोरून जाईना.

---

टाचण

संदर्भासाठी थोडं लिहितो, कारण चाळिशीच्या आतल्या लोकांना हे युद्ध माहीतच नसतं.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्याच एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला, तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आपली फौज गेली ती शांतिसेना म्हणून. तिथल्या बंडखोर तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि आपण मधे उभं राहायचं. जाफन्यात सुरुवातीला आपल्या जवानांच्या गळ्यात हार पडले. या गटांपैकी ज्या एलटीटीईची (तमिळ वाघांची) शस्त्रं घ्यायची होती, तिच्या पोरांना १९८३ नंतर भारतातच शिकवलेलं होतं.

१० ऑक्टोबरला त्यांच्याशीच लढाई पेटली. त्याच आठवड्यात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले, एक हाती लागला. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, आपली फौज जाफना रुग्णालयात शिरली. त्या गोळीबारात डॉक्टर, नर्सेस, रुग्ण धरून ६० च्या वर माणसं गेली. आतून गोळीबार झाला होता असं लष्कराचं म्हणणं. वाचलेले कर्मचारी वेगळं सांगतात. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. या मोहिमेतलं ते एकमेव. जन्म मुंबईचा.

१९८९ मध्ये श्रीलंकेच्या प्रेमदासा सरकारने त्याच एलटीटीईला आपल्या फौजेविरुद्ध शस्त्रं दिली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासला तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आपले सुमारे १२०० गेले. त्यांचं स्मारक कोलंबोजवळ आहे, तिथल्या संसदेपासून फार लांब नाही.

म्हणजे कुणासाठी लढलो हे धड सांगता येत नाही, अशा लढाईतून वीस-एकवीस वर्षांची पोरं परत आली. पुढचं आपापलं बघा म्हणून.

---

सह्याद्री_वाघ

धागालेखकाचा हेतू चांगला असेल, पण असल्या धाग्यांनी सैन्याचं खच्चीकरण होतं हे माझं स्पष्ट मत आहे. १२०० जवान गेले ते कुणाच्या गोळीने गेले? गळ्यात सायनाइडची कुपी बांधून लढणाऱ्यांशी गाठ होती. घरात एसीत बसून नैतिकतेचा कीस काढणं सोपं असतं. तुमचे नाना देशासाठी लढले. त्यांना सांगा, तुम्ही काही चूक केली नाही. विषय संपला.

---

निवृत्त_नाईक

वाघसाहेब, आपण कोणत्या पलटणीत होता? माझ्याही घरात एसी नाही.

मी होतो तिकडं. पलटण लिहीत नाही. वय २२. लग्न ठरलेलं. सप्टेंबरात ज्या पोरांबरोबर रस्त्यावर चहा प्यालो, त्यातल्या एकाला नोव्हेंबरात ओळखलं. कसं ओळखलं ते लिहीत नाही. धड नकाशे नाहीत, भाषा येत नाही. आख्ख्या कंपनीत तमिळ येणारा एक, तो पण मेसमधला. कुणाला थांब म्हणायचं तर हिंदीत म्हणायचं. थांबला नाही तर? आता तुम्हीच सांगा त्याला समजलं का नाही.

'तुम्ही काही चूक केली नाही' हे मला माझ्या सासऱ्याने सांगितलं, बायकोने सांगितलं, पलटणीतल्या पंडितजींनी सांगितलं. पंडितजींनी तर श्लोक पण सांगितला. प्रत्येक वेळी माझं तोंड बंद झालं. माणूस तसं म्हणतो कारण त्याला पुढचं ऐकायचं नसतं.

धागालेखकांना एकच सांगतो. खोदून विचारू नका. त्यांच्या सेक्शनमधलं कोण हयात आहे ते बघा. हल्ली पलटणींचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, नंबर मिळतो. फोन लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. बाहेर म्हणजे बाहेर.

---

डॉ_कोथरूड

मी मानसोपचार करतो. नाईकसाहेबांनी जे लिहिलं ते मला पुस्तकातून शिकायला बरीच वर्षं लागली.

लोकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हा शब्द आता माहीत आहे. व्हिएतनामहून परतलेल्यांमुळे तो १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला. त्याच्या मुळाशी भीती असते. फटाका वाजला की माणूस जमिनीवर पडतो, ते. पण काही जण फटाक्याला दचकत नाहीत आणि तरी आतून पोखरलेले असतात. जोनाथन शे नावाचे बोस्टनचे डॉक्टर व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करत होते. त्यांनी ९० च्या दशकात यासाठी 'मॉरल इंज्युरी' हा शब्द रूढ केला. त्यांचा भर वरच्यांनी केलेल्या दग्यावर होता. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच चुकीच्या ठिकाणी उभं केलं. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्याख्या रुंदावली. स्वतः केलेलं, थांबवता न आलेलं किंवा नुसतं पाहिलेलं, पण आपल्या आतल्या नियमाच्या विरुद्ध गेलेलं. श्रीलंकेच्या बाबतीत दोन्ही लागू पडतं असं मला वाटतं.

मराठीत याला धड शब्द नाही. 'नैतिक इजा' म्हटलं तर पेशंट माझ्याकडे बघत बसतो. 'मनाला लागलं' फार हलकं. 'पाप' म्हटलं की लगेच समजतं, पण मग ते माझं खातं राहत नाही.

उपचाराबद्दल. भीतीचा रुग्ण असेल तर आम्ही त्याला सांगतो की धोका टळलाय, आणि ते खरंही असतं. इथे 'तुमची चूक नव्हती' हे अर्धंच खरं असतं, आणि ते अर्धं आहे हे समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. लिट्झ यांच्या पद्धतीत सैनिकाला त्या मेलेल्या माणसाशी, किंवा ज्याचा शब्द तो मानतो अशा कुणाशी, मोठ्याने बोलायला लावतात. रिकाम्या खुर्चीसमोर. आपल्याकडे खुर्ची चालत नाही असा माझा अनुभव. एका माजी सैनिकाला मी म्हटलं, आजीला सांगा. तो तासभर बोलला.

वसनाकाठ, झोप किती महिने उडालीय? दारू वाढली का? वस्तू वाटून टाकणं, जमिनीच्या कागदांची अचानक निरवानिरव, असं काही दिसलं तर वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

---

बे_एरिया_बाबू

व्हिएतनामचा विषय निघालाच आहे तर. मी इथे अमेरिकेत २० वर्षं आहे, आमच्या गल्लीत व्हिएतनामला लढून आलेले दोन म्हातारे होते, एक गेला. त्यांच्यामुळे माय लाईबद्दल वाचलं. १६ मार्च १९६८, अमेरिकन लष्कराच्या एका कंपनीने तिथल्या एका गावात बायका-पोरं धरून शेकड्यांनी माणसं मारली. ह्यू थॉम्पसन हा २४ वर्षांचा हेलिकॉप्टर पायलट वरून बघत होता. त्याने हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं आणि आपल्या दोन पोरांना सांगितलं, आपली माणसं या लोकांवर गोळी चालवायला लागली तर त्यांच्यावर चालवा. त्यातला लॅरी कोलबर्न १८ चा. दुसरा ग्लेन आंद्रेओत्ता २० चा, त्याने प्रेतांच्या चरातून एक जिवंत मूल ओढून काढलं आणि तीन आठवड्यांत तो स्वतःच मेला.

या तिघांना पदक मिळालं १९९८ मध्ये. ३० वर्षांनी. मधल्या काळात थॉम्पसनला धमक्या. शिक्षा झाली एकट्या लेफ्टनंट कॅलीला, जन्मठेप, आणि ती साडेतीन वर्षांच्या नजरकैदेत आटोपली.

मला यातलं खटकतं ते असं, की ज्याने योग्य तेच केलं त्यालाही सुखाने जगता आलं नाही. मग नानांसारख्याचं काय.

---

शिलालेखी

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

युद्धाचा पश्चात्ताप म्हटलं की आपल्याला अशोक आठवतो. तेराव्या शिलालेखात तो आकडे देतो. दीड लाख माणसं हाकलून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. राजाने स्वतःच्या विजयाचे असे आकडे दगडात कोरावेत ही मोठीच गोष्ट, शंका नाही. पण हा लेख गिरनारला आहे, काल्सीला आहे, पार पेशावरकडे शाहबाजगढीला आहे. कलिंगात नाही. धौली आणि जौगडला इतर लेख कोरलेत, हा गाळला आणि त्या जागी वेगळे दोन लेख घातले, अधिकाऱ्यांना सूचना वगैरे.

म्हणजे पश्चात्ताप सगळ्यांना सांगितला, फक्त ज्यांचं घर जळलं त्यांना सोडून. राजकारण असेल. संकोचही असेल. मला तरी दरवेळी वाटतं की कोरणाऱ्याला तिथे जाऊन ते कोरण्याचा धीर झाला नसावा.

---

आळशी_मांजर

बाप रे, हे माहीत नव्हतं.

महाभारतात पण युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला भीम, अर्जुन, द्रौपदी, व्यास, कृष्ण सगळे ओळीने समजावतात की क्षत्रियाचा धर्मच तो. आणि हा माणूस ऐकत नाही! आजी सांगायची तेव्हा कंटाळा यायचा, लढाई संपली तरी गोष्ट का संपत नाही म्हणून.

---

सह्याद्री_वाघ

नाईकसाहेब, मी पलटणीत नव्हतो. माझा धाकटा भाऊ आहे. आत्ता, या क्षणी, काश्मीरमध्ये. वय २३. तुम्ही सगळे अशोक आणि युधिष्ठिर घेऊन बसलात. उद्या रात्री त्याने मोबाइलवर हा धागा वाचला आणि नाकाबंदीवर ट्रिगर दाबायला अर्धा सेकंद उशीर केला तर? त्या अर्ध्या सेकंदाचं उत्तर कोण देणार? डॉक्टर देणार?

---

व्यवस्थापन

दोन प्रतिसाद काढले आहेत. धाग्याचा विषय राजकीय पक्ष नाही. पुन्हा झालं तर वाचनमात्र करू.

---

निवृत्त_नाईक

वाघसाहेब, आधी सांगायचं होतं भाऊ आहे म्हणून. माझी टोचणी मागे घेतो. आई कशी आहे?

अर्ध्या सेकंदाचं बोलू. दाबायचं ट्रेनिंग असतं तसं न दाबायचं पण असतं. तुमच्या भावाला आमच्यापेक्षा पुष्कळ बरं ट्रेनिंग आहे, लिहून घ्या. आमची पिढी पाकिस्तानवर तोंड करून तयार झालेली. समोर रणगाडा येणार म्हणून. आला सायकलवाला.

मी एकदा थांबलो होतो अर्धा सेकंद. पोरगी होती, पंधरा-सोळाची, हातात पोतं. काही झालं नाही. पोत्यात नारळ होते. माझा लान्स नाईक मला तिथंच आईवरून बोलला, आणि बरोबरच बोलला, कारण आदल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीत असंच कोणतरी थांबलं आणि चौघं गेले. दोन्ही खरं आहे. मी आजपण सांगू शकत नाही की थांबलो ते शहाणपण होतं का भित्रेपणा. नारळ निघाले म्हणून मी शहाणा. पण तुमच्या भावाला सुट्टीत घरी आल्यावर हे बोलायला कोणतरी पाहिजे. तुम्ही व्हा.

---

तंजावूरकर

नमस्कार. आम्ही तंजावूरचे मराठी, आता चेन्नईत. आमची मराठी तुम्हाला जुनाट वाटेल, चालवून घ्या.

माझ्या मजल्यावर जाफन्याच्या एक अक्का राहतात, सत्तरीच्या आहेत. मी मराठी बोलते म्हणून पहिली दोन वर्षं माझ्याशी जरा तुटक वागायच्या. पुढे कळलं, त्यांनी ही भाषा आधी ऐकली ती जवानांच्या तोंडून.

तिकडे शांतिसेनेला 'अमैदि काक्कुम् पडै' म्हणत, म्हणजे शांती राखणारं सैन्य. नंतर लोकांनी आयपीकेएफचं (इंडियन पीस कीपिंग फोर्स) लांबण 'इनोसंट पीपल किलिंग फोर्स' असं केलं. अक्का हे दोन्ही एकाच सुरात सांगतात. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतः हार घातले होते. ऑक्टोबरात हजारो लोक नल्लूरच्या मुरुगनच्या देवळात जाऊन राहिले, त्याही होत्या.

घराच्या झडतीचं एक त्या वारंवार सांगतात. पाच-सहा जण आले. त्यातला एक अगदी कोवळा, मिशी पण नीट नाही. देवघराच्या उंबऱ्याशी थांबला, बूट काढले, बंदूक भिंतीला टेकवली, हात जोडले, आणि मग आत जाऊन एकेक डबा उघडून बघितला. विभूतीचा डबासुद्धा. बाहेर येऊन बूट घातले आणि अक्कांच्या भावाला घेऊन गेले. भाऊ अकरा दिवसांनी आला. परत पहिल्यासारखा झाला नाही.

मी एकदा विचारलं, तुम्हाला त्या पोराचा राग येतो का? त्या म्हणाल्या, त्याने बूट काढले नसते तर सोपं झालं असतं.

धागालेखकांच्या नानांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

---

वसनाकाठ (धागालेखक)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. डॉक्टर, दारू नाही, झोपेचं नवीन आहे, २६ जानेवारीनंतरचं. निरवानिरव काही नाही, उलट नवी म्हैस घ्यायची म्हणतात.

गेल्या शनिवारी गावी गेलो. मी विचारलं नाही. रात्री दोनला बल्ब लागला तेव्हा उठून गोठ्यात जाऊन बसलो, इतकंच. बराच वेळ वैरणीचं बोलले. मग स्वतःहून सुरू झाले. त्यांच्या बोलीत लिहायचा प्रयत्न केला, जमला नाही, म्हणून माझ्या भाषेत.

रस्त्यात सुरुंग फुटला, त्यांचा सेक्शन कमांडर गेला. कान त्यातलाच. अर्ध्या तासात जवळच्या वस्तीला घेराव. नानांना एका घराच्या मागच्या अंगाला बसवलं, ताडाच्या झावळ्यांचं कुंपण होतं तिथं. हुकूम असा की पळेल त्याला सोडायचं नाही. नाना २१ वर्षांचे. कुंपण हललं, लुंगीवाला एक माणूस उडी टाकून पळाला. नानांनी मारलं.

जवळ जाऊन बघितलं तर हातात चपला होत्या. पावसाने चिखल झालेला. नाना म्हणाले, "आरं, आपण न्हाई का घेत हातात, चिखलातनं पळताना? तशा."

संध्याकाळी कागदावर तो अतिरेकी झाला. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणजे सरकारच्या हिशेबात तिन्ही आहेत. नानांच्या हिशेबात दोन.

मी 'तुमची चूक नव्हती' म्हणणार होतो, अगदी ओठावर आलं होतं. नाईकसाहेबांमुळे गिळलं. मग काय बोलायचं ते सुचेना, म्हणून विचारलं, कसल्या होत्या चपला? नाना माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "रबरी. निळ्या पट्ट्याच्या." ३७-३८ वर्षांत हे कुणी विचारलं नसणार.

तंजावूरकर ताई, बुटांचं मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन बहुतेक.

---

डॉ_कोथरूड

तुम्ही विचारलेला प्रश्न उत्तम होता. मला सुचला नसता.

---

सह्याद्री_वाघ

वाचलं. आई बरी आहे नाईकसाहेब, बीपी असतं. भाऊ मे महिन्यात येतोय.

---

बे_एरिया_बाबू

माझ्या गल्लीतला दुसरा म्हातारा अजून आहे. रोज हात हलवतो आम्ही एकमेकांना. २० वर्षांत एकदाही थांबलो नाही.

---

वसनाकाठ (धागालेखक)

शेवटचं अपडेट देतो, मग धागा खाली गेला तरी चालेल.

नाईकसाहेबांनी सांगितलं तसं केलं. पलटणीच्या ग्रुपवरून एक नंबर मिळाला. नानांच्या सेक्शनमधला, बीड जिल्ह्यातला, आष्टीकडचा. त्या दिवशी घेरावात बरोबर होता. फोन लावून दिला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. पण नानांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने अर्धवट, म्हणून फोन स्पीकरवर आणि आवाज खळ्यावरचा. मीच काय, अर्धी आळी ऐकत होती. काकी दोनदा दार लोटून आली.

पहिली दहा मिनिटं कोण गेलं, कोणाची बायपास झाली, उसाला काय दर. मग नानांनी विषय काढला. "त्यो कुंपनावरचा, आठवतो का?"

तिकडून काही क्षण काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, "ती गोळी माझी व्हती. मी डाव्या अंगाला व्हतो. तुला कवा सांगितलं न्हाई."

नाना भडकलेच. "गप. तुझा राउंड अडकल्याला. मी बघितलाय तुला बोल्ट वढताना. उगं माझं वझं घ्यायला येऊ नगंस."

"न्हाई आडकला."

"आडकल्याला!"

हे पाच मिनिटं चाललं. दोन साठीचे म्हातारे, बैलाच्या सौद्यावरून भांडावं तसे. कोणाचं खरं मला माहीत नाही. तो खरं बोलत असेल. नानांना हलकं वाटावं म्हणून बोलत असेल. नानांना मात्र ते हलकं नकोच होतं असं मला वाटलं, इतक्या वर्षांनी ते दुसऱ्याच्या नावावर करायला ते तयार नव्हते.

मग नानांचा आवाज खाली आला. म्हणाले, "त्या चपलांचं काय केलं रं आपुन?"

"काय केलं म्हंजी? कुंपनाला लावून ठिवल्या की. तूच ठिवल्या. जोडीनं. साहेब वरडला, चल म्हणून, तरी ठिवत बसला व्हतास."

नाना काही बोलले नाहीत. नंतर मी आत गेलो तेव्हा फोन मांडीवर आणि स्क्रीन काळी. मला म्हणाले, "मला न्हाई ध्यानात हे."

तो रविवारी येतोय एसटीने, बायकोला घेऊन. नानांनी आत्ताच खाटकाला दीड किलो सांगून ठेवलंय आणि काकीला बजावलंय की त्याला तिखट जास्त लागतं, सवय होती त्याला, मेसमध्ये वरून मिरची मागायचा.